सायकलची घंटी : सूचना की हुकूम?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून थोर पुरुषांवर आणि गहन विषयांवर बोलण्याची रीत आहे. आम्ही मात्र आज एका वाटीएवढ्या वस्तूवर बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे सायकलच्या हँडलवर बसवलेली घंटी. प्रश्नही तेवढाच लहान दिसतो. पुढे पायी माणूस चालला असेल, तर मागून येणाऱ्या सायकलस्वाराने घंटी वाजवावी की वाजवू नये? एक म्हणेल, वाजवावी. त्यात विचारायचे काय? घंटी त्याचसाठी तर असते. दुसरा म्हणेल, पाठीमागे एकाएकी ट्रिंग ट्रिंग झाले की म्हातारे माणूस दचकते, भलत्याच बाजूला सरते, आणि त्या आवाजात 'चल, बाजूला हो' एवढेच ऐकू येते. तेव्हा न वाजवलेली बरी. दोघेही अनुभवाचेच बोलतात. परंतु ह्या भांडणाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिला म्हणजे ध्यानात येते की, घंटीच्या आडून माणसे एक मोठा प्रश्न भांडत आली आहेत : रस्त्यावर वेग ज्याच्या हाती, जबाबदारी त्याची की समोरच्याची?

आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. शाळा लवकर सुटली. जे थोडेफार वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर, दोन गेटसभांच्या मधल्या वेळात. तेव्हा पंडिती थाटाचे विवेचन आमच्याकडून होणार नाही. परंतु ह्या कामात कायद्याची कलमे बारकाईने वाचण्याची सवय लागते, आणि घंटीचा इतिहास बराचसा कलमांतच दडलेला आहे.

आरंभ १८१७ सालापासून करू. जर्मनीतील मानहाइम शहरात कार्ल फॉन ड्राइस ह्या गृहस्थाने एकामागे एक अशी दोन चाके लावलेली लाकडी गाडी काढली. तिला पायडल नव्हते. स्वार तिच्यावर बसून दोन्ही पायांनी जमीन मागे रेटत असे. गाडीरस्ते चाकोऱ्यांनी खणलेले असत, म्हणून हे स्वार शेजारच्या गुळगुळीत पदपथावर चढू लागले. पदपथावर तर पायी चालणारी माणसे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मानहाइममध्ये पदपथावर ही गाडी नेण्यास बंदी झाली, आणि पुढच्या दोनतीन वर्षांत मिलान, लंडन, फिलाडेल्फिया, इतकेच नव्हे तर आपल्या कलकत्त्यातही तशीच मनाई झाली. इंग्लंडात १८३५ च्या हमरस्ते कायद्याच्या ७२ व्या कलमाने रस्त्याकडेच्या पायवाटेवर गाडी नेणे हा सरसकट गुन्हा ठरवला. तात्पर्य, सायकलला घंटी लागण्याच्या कितीतरी आधीपासून तिचे आणि पायी माणसाचे भांडण चालू आहे.

तोवर घंटीची गरज का पडली नाही? कारण गाडी आपला आवाज आपणच करीत होती. १८६० नंतर पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल लावलेली सायकल आली. तिच्या लाकडी चाकांवर लोखंडी धाव असे, आपल्या बैलगाडीला असते तशी. दगडी रस्त्यावरून ती निघाली की असा खडखडाट होई आणि स्वाराला असे हादरे बसत, की इंग्रजांनी तिला 'हाडे खिळखिळी करणारी' असेच नाव दिले. ती येत आहे हे कोणाला वेगळे सांगावे लागत नसे. घोड्याच्या टापा वाजत, बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा असत, टांगेवाला पायाखालची घंटा वाजवी आणि वर तोंडानेही ओरडे. पुढे १८७० नंतर उंच चाकाच्या सायकली निघाल्या. त्यांना भरीव रबराची धाव बसली आणि खडखडाट थांबला. १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीने सारख्या आकाराच्या दोन चाकांची, साखळीने चालणारी 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आज आपण जिला सायकल म्हणतो ती इथे तयार झाली. घोड्याच्या बरोबरीचा वेग, आणि मांजराच्या चालीचा आवाज. पायी माणसाची खरी अडचण इथून सुरू झाली.

ह्या मुकेपणावरचा उपाय म्हणजे घंटी. तिचे श्रेय जॉन रिचर्ड डेडिकोट ह्या इंग्रज कारागिराला देतात. त्याचे पेटंट १८७७ चे. अंगठ्याने दाबायची खिट्टी, तिला जोडलेली दातेरी चाके, त्यांच्या जोरावर फिरणारी लहान वजने, आणि ती वजने आतून आपटून घुमणारी पितळी किंवा लोखंडी वाटी, अशी तिची रचना असते. वाटी उघडून ही किमया पाहिली नाही असे पोर आमच्या पिढीत विरळाच. रचना साधी, पण तिने एक मोठा बदल केला. गाडीचा आवाज पूर्वी आपोआप होत असे. आता तो स्वाराच्या अंगठ्यावर, म्हणजे मर्जीवर, अवलंबून राहिला. आणि जिथे मर्जी आली तिथे कायदा मागोमाग येतोच.

१८७९ साली इंग्लंडच्या न्यायालयाने टेलर विरुद्ध गुडविन ह्या खटल्यात सायकल ही 'गाडी'च आहे, सबब बेफाम गाडी हाकण्याचे कलम तिलाही लागू आहे, असा निकाल दिला. नंतर १८८८ चा स्थानिक राज्यकारभाराचा कायदा आला. त्याच्या ८५ व्या कलमाने सायकलला गाडीचा दर्जा देऊन हमरस्त्यावर तिचा हक्क मान्य केला, आणि हक्काबरोबर एक कर्तव्यही गळ्यात घातले. रस्त्याने जाणारी गाडी, घोडा, ओझ्याचे जनावर किंवा पायी माणूस ह्यांना मागे टाकण्यापूर्वी, वाजवी अंतरावरून, घंटी वा शिटी वाजवून किंवा अन्य प्रकारे, ऐकू जाईल अशी आणि पुरेशी सूचना सायकलस्वाराने द्यावी, असा त्या कलमाचा आशय होता.

श्रोतेहो, ह्या कलमाकडे आमच्यासारख्या युनियनवाल्याच्या नजरेने पाहा. पहिली गोष्ट, कर्तव्य कोणावर टाकले आहे? जो वेगाने मागून येतो त्याच्यावर. दुसरी गोष्ट, सूचना कोठून द्यायची? वाजवी अंतरावरून. अंगाला चाक टेकल्यावर नव्हे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सूचना मिळाल्यावर पायी माणसाने बाजूला झालेच पाहिजे, असे ते कलम कोठेही म्हणत नाही. त्याला कळवायचे, एवढेच. ऐकून काय करायचे ते त्याने ठरवायचे.

सूचना म्हणजे काय हे कामगाराला पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, लोकोपयोगी सेवेतील कामगारांनी नोटीस दिल्यावर १४ दिवस उलटेपर्यंत संपावर जाता येत नसे. मालकाला कामाच्या ठरावीक अटी बदलायच्या झाल्या तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागे. हे दिवस कशासाठी ठेवले होते? समोरच्याला विचार करता यावा, बोलणी करता यावीत, म्हणून. नोटीस फळ्यावर लावून त्याच मिनिटाला अंमल सुरू करणाऱ्या व्यवस्थापकाला आम्ही काय म्हणतो, ते ह्या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही. मध्ये अवधी असेल तर ती सूचना. अवधीच नसेल तर तो हुकूम. पाच हातांवरून वाजवलेली घंटी आणि वीस हातांवरून वाजवलेली घंटी ह्यांचा आवाज एकच असतो, पण पहिली हुकूम असते आणि दुसरी सूचना.

परंतु १८८८ च्या कलमातही एक मोठी फट होती. समोरच्याला कान आहेत, हे त्यात गृहीत धरले होते. दोनच वर्षे आधी, १८८६ साली, ग्लासगो येथील डॉक्टर टॉमस बार ह्यांनी बॉयलर बनवणाऱ्या १०० कामगारांचे कान तपासले होते. त्यांपैकी एकाचीही श्रवणशक्ती शाबूत निघाली नाही. दिवसभर लोखंडी पिंपाच्या पोटात बसून रिबिटांवर पडणारे घण ऐकायचे, त्याचा हा परिणाम. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत मागांच्या धडधडाटात शब्द ऐकू येत नसे, म्हणून विणकर बायाबापड्या ओठांच्या हालचालींवरून आणि खुणांनी बोलत. त्यांची ती एक स्वतंत्र बोलीच होऊन बसली होती. पाळी सुटल्यावर हीच माणसे रस्त्याने पायी घरी जात. ज्या देशाने पायी माणसाला घंटीची सूचना देण्याचा कायदा केला, त्याच देशाचे कारखाने ती सूचना ऐकणारे कान बाद करीत होते.

ह्याचा पडताळा आम्ही आपल्याकडे पाहिला आहे. १९९० नंतरची गोष्ट. आमची युनियन असलेल्या एका कारखान्यात दुसरी पाळी सुटली की फाटकातून शेकडो माणसे एकदम बाहेर पडत. निम्मी सायकलवर, निम्मी पायी. एके रात्री प्रेस शॉपमधल्या एका जुन्या कामगाराला मागून येणाऱ्या तरुण कामगाराच्या सायकलची धडक बसली आणि त्याचे मनगट मोडले. दुसऱ्या दिवशी दोघेही कचेरीत आले. पोरगा रडवेला होऊन सांगत होता, "मी तीनदा घंटी मारली, भाऊ. काका हललेच नाहीत." म्हातारा त्याच्याकडे पाहून म्हणाला, "मारली असशील रे बाबा. मला नाही ऐकू आली." वीस वर्षे प्रेससमोर उभे राहून त्याचे कान गेले होते, आणि नोकरी जाईल ह्या धाकाने त्याने ते घरीसुद्धा धड सांगितले नव्हते. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कारखाने कायद्याच्या अनुसूचीत नोंदवण्याजोग्या रोगांमध्ये होता. पण नोंदवतो कोण? आम्ही त्या आठवड्यात दोन गोष्टी केल्या. प्रेस शॉपमधल्या सर्वांचे कान तपासावेत अशी लेखी मागणी केली. आणि गेटसभेत ठराव केला की, फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत प्रत्येकाने सायकल हातात धरून न्यावी. पहिल्या ठरावावर व्यवस्थापनाने वर्षभर चालढकल केली. दुसरा ठराव दुसऱ्याच दिवशी अमलात आला, कारण तो आमच्या हातातला होता.

आता पुन्हा इतिहासाकडे वळू. सूचनेचा हुकूम कसा झाला हे पाहिले पाहिजे. त्यासाठी सायकल थोडी बाजूला ठेवून यंत्राच्या गाडीकडे पाहावे लागेल, कारण रस्त्याची रीत पुढे तिनेच ठरवली. १८६५ साली इंग्लंडात असा कायदा होता की, रस्त्यावरून वाफेचे इंजिन न्यायचे तर त्याच्यापुढे साठ यार्डांवर एका माणसाने लाल निशाण घेऊन पायी चालावे, आणि गावात ताशी दोन मैलांपेक्षा अधिक वेग नसावा. आज ह्या कायद्याला लोक हसतात. पण त्याच्यामागचा विचार हसण्यासारखा नाही : जो धोका घेऊन रस्त्यावर येतो, त्याने तो धोका सांगत चालण्याचा खर्चही सोसावा. १८७८ साली निशाणाची सक्ती गेली आणि १८९६ साली हलक्या मोटारगाड्यांना ताशी चौदा मैलांची मुभा मिळाली. पुढे तीस वर्षांत पारडे पुरते फिरले. १९२५ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराने नवी वाहतूक-संहिता करून माणसांना ठरलेल्या जागीच रस्ता ओलांडण्यास बांधले, आणि वाटेल तेथून रस्ता ओलांडणाऱ्याला तिकडे अडाणी, गावंढळ अशा अर्थाचे नाव पडले. रस्ता मोटारीचा झाला आणि चालणारा माणूस तिच्या वाटेतला अडथळा ठरला. मोटारीचे भोंगे 'मी येत आहे' असे सांगायचे सोडून 'तू हो बाजूला' असे सांगू लागले. इंग्लंडात १८८८ चे ते घंटीचे कलमही १९३० च्या रस्ते-वाहतूक कायद्याने रद्द झाले.

सायकलस्वार ह्या उतरंडीत मधल्या पायरीवर आहे. एकेकाळी ती श्रीमंतांच्या मुलांची हौस होती. जुन्या सायकली स्वस्त होत गेल्या तशी ती कष्टकऱ्याची झाली. १८९४ साली बर्मिंगहॅममध्ये समाजवादी तरुणांनी 'क्लॅरिअन' सायकल क्लब काढला. क्लॅरिअन म्हणजे तुतारी. सुटीच्या दिवशी सायकलींवरून गावोगाव पत्रके वाटीत ते फिरत. आपल्याकडे तर दूधवाला, पेपरवाला, पहारेकरी आणि गिरणी-कारखान्यांतला कामगार ह्यांची सायकल हीच मोटार. ह्या माणसावर दिवसभर ट्रक आणि मोटारी भोंगे मारतात. तो मुकाट्याने कडेला होतो. आणि पुढे पायी माणूस दिसला की तोच भोंगा त्याच्या अंगठ्यात उतरतो. वरून खाल्लेला धक्का खालच्याला देऊन मोकळे व्हायचे, ही रीत कारखान्यात आम्ही जन्मभर पाहिली आहे. साहेब मुकादमावर ओरडतो, मुकादम कामगारावर, आणि कामगार घरी जाऊन बायकोवर. ह्या साखळीतली एक कडी आपल्या अंगठ्याखाली आहे, एवढे सायकलस्वाराने ओळखावे.

निरनिराळ्या देशांनी पुढे ह्यातून काय वाट काढली? १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ते-वाहतूक करारात सायकलला चांगला ब्रेक आणि पुरेशा अंतरावर ऐकू जाणारी घंटी असावी, दुसरे कोणतेही आवाजाचे साधन नसावे, असे म्हटले आहे. फ्रान्समध्ये घंटी निदान ५० मीटरांवरून ऐकू गेली पाहिजे. जर्मनीत खणखणीत घंटी सक्तीची आहे. पण वस्तीत ती वाजवायची ती धोका असेल तेव्हाच. जपानचा नियम आम्हांस विशेष विचार करण्याजोगा वाटतो. तेथे सायकलला घंटी असली पाहिजे, परंतु १९६० च्या रस्ते-वाहतूक कायद्याच्या ५४ व्या कलमाप्रमाणे, तशी पाटी लावलेल्या जागा सोडल्या तर, धोका टाळण्यास दुसरा उपायच नसेल तेव्हाच ती वाजवता येते. पदपथावरच्या माणसांना हटवण्यासाठी ती वाजवणे बेकायदा आहे. ज्या पदपथावर सायकलला मुभा आहे तेथेही तिने हळू जावे, आणि पायी माणसाची अडचण होत असेल तर थांबावे. ब्रिटनमध्ये २०१० च्या नियमांप्रमाणे नवी सायकल विकताना तिला घंटी असावी लागते. २०२२ सालापासून तेथील रस्ता-संहितेने असेही स्पष्ट सांगितले आहे की, ज्याच्याकडून अधिक इजा होऊ शकते त्याच्यावर जबाबदारीही अधिक. सायकलस्वाराने पायी माणसाजवळून, विशेषतः मागून, खेटून वा वेगाने जाऊ नये, आणि तो माणूस बहिरा किंवा आंधळा असू शकेल हे ध्यानात ठेवावे. १८८८ ची वाजवी सूचना आणि ग्लासगोच्या कामगारांचे कान ह्यांची भेट अशी १३४ वर्षांनी झाली!

नुसत्या इशाऱ्याने भागत नाही ह्याचा दाखलाही त्याच देशात घडला. २०१६ साली लंडनमध्ये, पुढचा ब्रेक नसलेल्या सायकलवरून जाणाऱ्या एका तरुणाने रस्ता ओलांडणाऱ्या स्त्रीला ओरडून दोनदा सावध केले. धडक टळली नाही आणि ती स्त्री प्राणास मुकली. मनुष्यवधाच्या आरोपातून तो सुटला; पण १८६१ च्या जुन्या कायद्याखाली, बेफाम वाहन चालवून इजा केल्याबद्दल, त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तो ओरडला होता. त्याला थांबता मात्र आले नाही.

आपल्याकडे १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या, आताच्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या, ३३ व्या कलमात रस्ता वापरणारांचा उल्लेख करताना चालणारे, वाहन हाकणारे, सायकलवाले आणि गुरे नेणारे ह्या सर्वांना एकाच ओळीत बसवले आहे. आम्हांस हे आवडते. रस्ता सर्वांचा आहे आणि पायी माणूस त्या यादीत कोणाच्या मेहेरबानीने आलेला नाही.

तर मग वाजवावी की नाही? थोडा हिशेब करू. सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने जाते आणि पुढचा माणूस ताशी ५ ने चालतो, असे धरा. दोघांतले अंतर दर सेकंदाला सुमारे पावणेतीन मीटरने कमी होते. वीस मीटरांवरून घंटी वाजवली तर त्या माणसाला सात सेकंद मिळतात : ऐकायला, वळून पाहायला, हातातले पोर जवळ ओढायला. तीन मीटरांवरून वाजवली तर जेमतेम एक सेकंद मिळतो, आणि एका सेकंदात माणूस फक्त दचकू शकतो. दोघेतिघे बरोबर चालत असतील तर निम्मे डावीकडे आणि निम्मे उजवीकडे पळतात, हे तर आपण रोज पाहतो.

न वाजवणेही सुटकेचा मार्ग नव्हे. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याला मुकी सायकल कानाजवळून गेली की धस्स होते. त्याला घंटी हवीच. ज्याला ऐकू येत नाही त्याला तिचा काडीचा उपयोग नाही. आणि पाठमोऱ्या माणसाकडे पाहून त्यांतला कोणता कोण, हे सायकलस्वाराला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून आमचे उत्तर असे. घंटी सायकलला असावी. ती दुरून, एकदा, हलक्या हाताने वाजवावी. वाजवल्याबरोबर वेग कमी करावा आणि बोटे ब्रेकवर ठेवावीत. पुढचा माणूस बाजूला झाला तर त्याचे आभार मानावेत. न झाला तर त्याला ऐकू आले नसेल असे धरून चालावे, आणि जागा नसेल तर खाली उतरावे. पायी चालणारांनाही एक विनंती आहे. दुरून आलेल्या घंटीचा राग धरू नये. तो माणूस तुम्हाला अवधी देतो आहे. जवळ येऊन खणखणाट करणाऱ्याला मात्र थांबवून विचारावे, की बाबा, ही सूचना होती की हुकूम?

आमच्या त्या प्रेस शॉपमधल्या सोबत्यासारखी माणसे ह्या सभेतही बसली असतील, आणि आमचे निम्मे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचले नसेल. उद्या सकाळी ती रस्त्यावर तुमच्यापुढे चालत असतील. त्यांच्या कानांपर्यंत घंटी पोहोचणार नाही. तेव्हा ब्रेक तपासूनच सायकल बाहेर काढा.